तलावाला दिलेले दगड

११ जानेवारी, शनिवार

पोचलो एकदाच्या. तारीख रेणूनं टाकली, वार मी सांगितला. मला अक्षर येत नाही, पण वार माझा आजवर चुकलेला नाही.

रेणू म्हणजे माझी नात. नागपूरला समाजकार्य शिकते. यंदा तिच्या कॉलेजात नवीनच निघालंय: दुखावलेल्या माणसांना जंगलात न्यायचं, दोरावर चढवायचं, पाण्यात उतरवायचं, की त्यांच्या मनातली भीती निघते. आधी शिकणाऱ्यांनी स्वतः करून बघायचं, म्हणून हे नऊ दिवसांचं शिबिर. मी तिला विचारलं, आम्ही जन्मभर मोहाच्या झाडाखाली वाकलो, बांधावरून घसरलो, आमच्या मनातलं काऊन नाही निघालं? ती म्हणे, आजी, तुमच्याकडे शिट्टी वाजवणारे सर नव्हते.

शिबिराचा स्वयंपाकी ऐनवेळी फिरला, म्हणून माझी वर्णी लागली. बारा माणसांचा भात शिजवायला मला काही शिकावं लागत नाही. शिवाय मी घरी एकटी राहिले की रेणूचा जीव थाऱ्यावर नसतो. तिची आई, माझी मंजू, रेणू चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून आम्ही दोघीच. ती मला राखते असं तिला वाटतं, मी तिला राखते असं मला.

अर्जुनी मोरगाववरून जीपनं आलो. मागं प्रतापगडाचा डोंगर, पुढं साजाच्या झाडांचं जंगल आणि मधोमध तलाव. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, त्यामुळं तलाव दिसला की आमची नजर आधी पाण्यावर जात नाही, पारावर जाते. पार म्हणजे तलावाची पाळ. इथला पार झकास आहे. दगड असे बसवलेत की सुरी जायची नाही. पण तलाव गाळानं अर्धा भरलाय. पाणी सोडायचं तोंड, त्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते तर गाळात पार बुजून गेलंय. कित्येक वर्षांत इथं कोणी घमेलं घेऊन उतरलेलं नाही. एवढं गोड पाणी आणि माणूस नाही. मला बरं वाटलं, तरी पदर आवळून घेतला.

रात्री लाखोळीची डाळ, भात, वांगी. पोरांनी बोटं चाटली. शहरातली पोरं, कुठंही चाटतात.

१२ जानेवारी, रविवार

सरांचं नाव चंद्रकुमार. गोंदियाचे आहेत, त्यामुळं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. माणूस चांगला, फक्त थकत नाही. त्यांनी नियम काढलाय की शिबिरातल्या प्रत्येकानं रोजनिशी ठेवायची, स्वयंपाकिणीनंसुद्धा. मी म्हटलं, सर, मला सही करायची तर अंगठा लागतो. ते म्हणाले, "अम्मा, टेन्शन मत लो, तुम्ही बोला, रेणू लिहील." म्हणून ही वही. मी बोलते ते सगळं लिहायचं, गाळायचं काही नाही, असं मी रेणूला बजावलंय. माझी बोली ती थोडी झाडूनपुसून घेते, तेवढी सूट दिली.

आज सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि एक दोर धरून पारावरून चालायला लावलं. विश्वास शिकायचा म्हणे. मग एकेकानं पाठमोरं पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. मलाही पड म्हणाले. मी सांगितलं, मी पडले की झेलायला लोक नाही, खाट लागते.

रेणू कड्यावरून दोर बांधून उतरली. मी डोळे मिटून घेतले होते, पण तिला सांगितलं की पूर्ण बघितलं.

दुपारी भूमेश्वरी लसूण सोलायला बसली. रेणूची मैत्रीण, पोवारांची पोर, एरवी कमी बोलते. लसणाच्या पाकळ्या मोजता मोजता तिनं आपणहून सांगितलं. तिचा धाकटा भाऊ खुमेंद्र सहा वर्षांचा होता. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठावर त्याचा हात तिच्या हातात होता. तो घसरला आणि हात सुटला. अकरा वर्षं झाली. त्या हाताला अजून घाम येतो म्हणाली. मी तिला गूळ दिला. दुसरं काय देणार?

१३ जानेवारी, सोमवार

आज मला राग आला. रेणू, "राग" असंच लिही.

सरांनी सगळ्यांना एकेक गोटा शोधून आणायला सांगितला. जे सगळ्यात जड आहे, कोणाला बोललो नाही, ते पक्क्या रंगाच्या पेनानं त्यावर लिहायचं आणि तलावात फेकायचं. ओझं सोडून द्यायचं. आठही पोरांनी लिहिलं. मी चुलीपाशी होते. पळतच गेले आणि म्हटलं, असं करू नका. तलावातून काढायचं असतं, टाकायचं नसतं. आमच्या घरात नवी सून आली तर उंबऱ्याआधी तिला तलावावर नेतात. एक टोपली गाळ काढला की मगच घरात. माझ्या सासूनं तर मला दोन काढायला लावल्या, तोंडानं जास्त बोलते म्हणून. तलावाच्या पोटात जे जातं ते तो ठेवतो. कोणी काढलं नाही तर तो स्वतः काढतो, आणि कोणाच्या दारात टाकेल ते त्याला कळत नाही.

सर भले माणूस. म्हणाले, अम्मा, फार सुंदर सांगितलंत. आणि वहीत लिहून घेतलं. मग शिट्टी वाजवली.

आठ डुबुक ऐकले. रेणूनं सगळ्यात लांब फेकला. काय लिहिलं होतंस, विचारलं, तर म्हणाली, ते सांगायचं नसतं, आजी. माझ्याशी बोलताना इकडंतिकडं बघायची तिला सवय नाही. आज बघितलं.

उदाराम म्हणून इथला राखणदार आहे, साठीचा, गोंड. तोही लांब उभा राहून बघत होता. त्यानं जमिनीवर थुंकून पाय फिरवला आणि निघून गेला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पहाटे तिळगुळाला पाक करायला उठले तर तंबूंच्या तोंडाशी चिखलाचा एक पट्टा होता. पाण्यातून निघालेला, सरळ वर आलेला, भरलेली टोपली ओढत आणल्यासारखा. पावलं नव्हती. पट्टा संपला तिथं ओला गोटा. माझ्या चुलीचा एक दगड डुगडुगत होता, म्हणून मी तो उचलला आणि चुलीला लावला. गोटा बरा बसला. त्याच्यावर काळ्या मुंग्यांसारखं काही होतं. मला काय, मुंग्या आणि अक्षरं सारखीच.

चूक माझी. लिहून ठेव.

पोरं नाश्त्याला चुलीभोवती बसली. पीयूष पोहे खात होता. मोठ्या आवाजाचा, हसरा, आईबापाचा एकुलता एक पोरगा. त्याची नजर चुलीच्या दगडावर गेली आणि त्यानं सवयीनं वाचलं, पुटपुटत. "खुमेंद्रचा हात मी सोडला." मग पोहे खाली ठेवले. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसला. हात पुसतोय, पुन्हा ओला होतोय. सुटला म्हणाला. मग रडायला लागला, असा की रडण्यात श्वास मावेना. ज्याला भाऊ नाही तो भावासाठी रडत होता, नाव घेऊन, त्याचा शर्ट कोणता होता ते सांगून. पिवळा, पट्ट्यांचा.

सर म्हणाले, दुसऱ्याचं दुःख एवढं जाणवणं फार मोठी गोष्ट आहे. मी भूमेश्वरीकडं बघितलं. ती तीळ खात होती. तिला हलकं वाटत होतं. छान झोप लागली म्हणाली.

१५ जानेवारी, बुधवार

भूमेश्वरीला मी बाजूला घेतलं आणि खुमेंद्रबद्दल विचारलं. ती म्हणाली, कोण खुमेंद्र? मी सांगितलं, तुझा भाऊ. ती हसली. मला भाऊ नाही, आजी, तुम्ही कोणाशी तरी गफलत करता. हात कोरडे ठणठणीत. डोळ्यांत काही लपवलेलं नाही. जे नव्हतंच ते कसं लपवणार.

दुपारी पीयूष तलावात चालत गेला. उजवा हात पुढं धरून, कोणाला तरी पकडायला. छातीइतक्या पाण्यात पोचला तेव्हा उदारामनं बघितलं. त्यानं आणि रेणूनं कड्यावरचा तोच दोर टाकून त्याला ओढलं. पोराचे दात वाजत होते आणि तो आमच्यावरच ओरडत होता, की का आणलं, तो आत आहे.

मग उदाराम बोलला. त्याचं गाव याच पाराखाली होतं. जंगल राखीव झालं तेव्हा गाव उठवलं. निघायच्या दिवशी सारं गाव पारावर उभं राहिलं आणि ज्यानं त्यानं आपलं दुःख तलावाला सांगितलं, तू ठेव म्हणून. नव्या गावात गेल्यावर कोणाला आपलं घर कुठं होतं ते सांगता येईना. कोणत्या आंब्याखाली कोणाला पुरलं, आठवेना. उदाराम त्या दिवशी चौकीवर होता, म्हणून त्याला एकट्याला सगळं आठवतं. "मी सांगतो, बाई, तर हासतेत माह्यावर. म्हणतेत, आमी इथलेच आहो." आणि तलावाचा कायदा त्यानं सांगितला: ज्याचं त्याला परत देत नाही. देतो ते दुसऱ्याला. गोटा वाचणाऱ्याला, पाण्याचं बोलणं ऐकणाऱ्याला. दुसऱ्याचं ज्याच्यात जातं, त्याला मग पाणी बोलावतं.

मी विचारलं, सरांना कायले नाही सांगितलं? म्हणाला, सांगितलं ना. त्यांनी लोककथा म्हणून लिहून घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

पहाटे चिखलाचे पाच पट्टे. पाच गोटे. मी चारच उचलून टोपलीत टाकले आणि वर पोतं झाकलं. मला अक्षर येत नाही, तर मला हे करायला काय होतंय? पाचवा सरांच्या तंबूत आधीच गेला होता. त्यांनी तो वाचला. मग माझी टोपली शोधून उरलेले चारही वाचले, अभ्यासासाठी. आता ते तंबूत बसून पाच जणांचं रडून राहिलेत. शिट्टी गळ्यात आहे.

पण मी तेवढ्यानं डरले नव्हते. डरले ते दुपारी.

मी रेणूला हाक मारली, ताट घे म्हणून. ती आली, ताट घेतलं, आणि म्हणाली, "थँक यू, मावशी."

स्वयंपाकिणीला म्हणतात तसं. आदबीनं.

मी म्हटलं, चेष्टा पुरे. तिनं विचारलं, कसली चेष्टा? मग ही वही काढली आणि मागची पानं तिच्याकडूनच वाचून घेतली. तिनं वाचलं, गोड हसली. म्हणाली, हो, अक्षर माझंच, तुमचं लिहून घ्यायचं काम सरांनी मला दिलंय ना. आणि तुमच्या नातीचं नावही रेणूच! योगायोग बघा. तुमच्यासोबत आलीय का ती?

तिला आपली आई आठवते. घर आठवतं. त्या घरात आता ती एकटीच वाढली आहे.

हे ती लिहून घेतेय. मी बोलते ते सगळं लिहायचं, हा कायदा तिला आठवतो. हसत लिहितेय.

म्हणजे त्या गोट्यावर मी होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

जीप आली. पीयूष, सर, भूमेश्वरी, बाकीची पोरं, सगळी गेली. दोर आणि तंबू न्यायला गाडी रविवारी येणार. सामान राखायला कोणीतरी थांबावं लागणार होतं. रेणू आपणहून थांबली. तिला हलकं वाटतंय. कुठंही राहू शकते म्हणाली, मागं कोणी नाही.

मलाही जीपमध्ये बसवत होते. मी बसले नाही. बसले असते तर नागपूरला एका हुशार पोरीची गावाकडची ओळखीची मावशी झाले असते. सणाला साडी आली असती. नको मला साडी.

सरांनी वाचलेले पाच टोपलीत आहेत. पीयूषनं वाचलेला धरून सहा. आठ फेकले होते. दोन आत आहेत. तिचा यांच्यात आहे की आत? कोणाला विचारू? उदारामला अक्षर येतं, पण त्याच्याजवळ अख्खं गाव आहे, त्याच्यावर आणखी कशाला. आणि रेणूकडून एकेक वाचून घ्यावा, तर दुसऱ्यांचं सगळं तिच्यात जाईल. मग पाणी तिला—

नाही. ते होणार नाही. खाली रेघ मार.

१८ जानेवारी, शनिवार

आज शिकले. बहात्तराव्या वर्षी.

तिला म्हटलं, पोरी, मला एक शब्द लिहून दे, मोठा. आजी. तिनं लिहून दिला. एक उभी काठी आणि तिला टेकून बसलेली बाई, मग आणखी एक बाई, डोक्यावर पदर. असंच दिसतं मला. दिवसभर बोटानं गिरवला. राखेत, पिठात. रेणू शाबासकी देत होती. तिच्या सरांसारखी.

मग टोपलीतले सहा बघितले. नाही. त्यात बाई नाही.

म्हणजे आत आहे. तलाव ज्याचं त्याला देत नाही, तर मी काढून तिच्या हातात देईन, तिचं तिनं वाचायचं.

टोपली घेतली, कमरेइतक्या पाण्यात उतरले. पाणी गरम. जानेवारीत. सात टोपल्या गाळ काढला. सातवीत एक गोटा. हात लावला, बोटं फिरवली. नाही. कोणा दुसऱ्याचा. उदाराम पारावर बसून शिव्या देत होता, मला नाही, तलावाला. बरं वाटलं ऐकून.

बाहेर आले तर पाण्याची रेघ पारावर दोन हात वर. वारा नाही. पाऊस नाही.

चिडलाय. चिडू दे. मीही आहे.

१९ जानेवारी, रविवार. सकाळ

रेणू, पाराच्या पायरीवर बस. वही घे. मी बोलेन ते लिही, काहीही झालं तरी. हो, मावशी म्हण, म्हण आत्ता.

तीन टोपल्या. नाही.

चौथी. हात पोचत नाही— खाली कोणी पाय धरल्यासारखं. सोड. सोड म्हणते ना. तुझ्या पारासाठी आमच्या लोकांनी पाठी मोडल्या, माझा पाय धरतोस?

पाचवी. गोटा.

पुसते. काठी. टेकलेली बाई. पदर.

आहे. आहे गं आहे!

पाणी वर येतंय. तुझ्या पायरीपर्यंत. बघू नको. हा घे. उलटा नाही, असा. तुझं अक्षर आहे. घाबरू नको. वाच, मोठ्यानं, आणि वाचशील ते लिही.

"आजी गेली की मी सुटेन असं मला वाटतं. आजीला कळू नये."

कळलं. एवढंच? लिही. लिही की आजी हसली. माझ्या सासूबद्दल मी हे रोज म्हणत होते, दळताना, आणि अकरा वर्षं तिला न्हाऊ घातलं मीच. दोन्ही खरं असतं, येडे. हे काय तलावात टाकायचं असतं—

काय म्हणालीस?

पुन्हा म्हण.

आजी.

लिही ते. मोठं लिही. रडत लिही, चालेल. आजी.

गोटा सोडू नको, तुझा आहे, तुझ्याजवळच— उदाराम, दोर टाक! तिच्याकडे, माझ्याकडे नाही, आधी ति— रेणू, पुरे झालं लिहिणं, वही फेक आणि वर चढ, मी काही जात नाही कुठं, याची काय हिंमत आहे की मला—